तळपदे यांचे विमान आणि वेलिणकरांची कबर : आद्य विमानविद्येतील दोन मराठी कोड्यांचा विचार

१. प्रास्ताविक

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, म्हणजे १९४३ मधील आहे. वऱ्हाडातील तरुणांना विमान ही आता केवळ मान वर करून पाहण्याची वस्तू राहिलेली नाही. या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांतून विमानविद्येच्या इतिहासावर व्याख्याने व निबंध होऊ लागले आहेत आणि त्यांत एक विधान हटकून येते : राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे या मराठी गृहस्थाने मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले. हे विधान काही जण अभिमानाने करतात, काही जण त्याची थट्टा करतात. त्याची तपासणी मात्र दोघेही क्वचितच करतात.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, यंत्रशास्त्र नव्हे. तथापि ज्या कोड्यांचा आधार लिखित शब्दांवर आहे, ती सोडविण्याच्या कामी भाषेच्या अभ्यासकालाही काही सांगता येते. ग्रंथाचा काळ त्याच्या भाषेवरून ठरतो, नावाची विकृती लिपीच्या वळणावरून उलगडते आणि आख्यायिकेचे थर तिच्यातील तपशिलांच्या क्रमावरून ओळखता येतात. या दृष्टीने येथे दोन मराठी नावांचा विचार करावयाचा आहे. एक तळपदे यांचे, आणि दुसरे पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर मरण पावलेले वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर यांचे. पहिले कोडे अद्याप सुटलेले नाही, दुसरे सुटले. असे का झाले, हाच या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. कोड्यांचे दोन प्रकार

आरंभकाळातील वैमानिकांविषयी जी गूढे प्रसिद्ध आहेत, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात ‘तो गेला कोठे?’ हा प्रश्न असतो. ८ मे १९२७ रोजी पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघालेले नुंजेसेर व कोली हे फ्रेंच वैमानिक पुन्हा दिसले नाहीत. २ जुलै १९३७ रोजी अमेलिया एअरहार्ट व त्यांचे सोबती फ्रेड नूनन हे न्यू गिनीतील ले येथून हाउलँड बेटाकडे निघाले, ते पॅसिफिक महासागरावर नाहीसे झाले. ३१ जुलै १९४४ रोजी फ्रेंच लेखक-वैमानिक सेंत-एग्झ्युपेरी टेहळणीच्या उड्डाणावरून परतला नाही. त्याच्या नावाचे कडे १९९८ मध्ये मार्सेय शहराजवळच्या समुद्रात एका कोळ्याच्या जाळ्यात सापडले, आणि त्याच्या विमानाचे अवशेष २००४ मध्ये निश्चितपणे ओळखले गेले. या वर्गात घटना घडली याबद्दल शंका नसते. तिचा शेवट तेवढा अज्ञात असतो.

दुसऱ्या वर्गात ‘तो उडाला का?’ हा प्रश्न असतो. क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याचे वाफेचे यंत्र ९ ऑक्टोबर १८९० रोजी जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलले जाऊन सुमारे ५० मीटर गेले असे सांगतात. हे नियंत्रित उड्डाण होते काय, याविषयी वाद आहे. याच आदेरने पुढे १९०६ मध्ये असा दावा केला की, १८९७ च्या सरकारी चाचणीत आपले दुसरे यंत्र ३०० मीटर उडाले होते. त्या चाचणीचा लष्करी अहवाल तोवर गुप्त होता. तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि यंत्र उडालेच नव्हते हे उघड झाले. गुस्ताव्ह व्हाइटहेड याने १४ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेत उड्डाण केल्याचा दावाही असाच आजवर वादग्रस्त आहे. या वर्गात घटना घडली की नाही हेच सिद्ध व्हावयाचे असते, आणि म्हणून पुराव्याचे ओझे दावा करणाऱ्यावर पडते.

वेलिणकरांचे कोडे पहिल्या वर्गातील आहे, तळपद्यांचे दुसऱ्या. हा भेद प्रथमच ध्यानात घेतला म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

३. ‘वुमकर’ कोण?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात अधिकारी वैमानिक म्हणून लढलेले हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतकेच होते. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ही ती चार नावे. त्यांपैकी रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये सुमारे दोन आठवड्यांत दहा विजय मिळविले आणि २२ जुलै रोजी ते धारातीर्थी पडले. सेन शत्रूच्या हाती सापडले. मलिक जगले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. वेलिणकर मात्र महाराष्ट्राला जवळजवळ अपरिचित राहिले.

ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन जातीचे एकासनी लढाऊ विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले त्यांचे विमान परतले नाही. घरी कळविले गेले ते ‘बेपत्ता’ एवढेच. बेपत्ता हा शब्द मृत्यूच्या वार्तेहून एका अर्थी अधिक क्रूर होय, कारण त्यात आशा शिल्लक राहते आणि उत्तरक्रियाही करता येत नाही. युद्ध संपले, युद्धकैदी परतले, परंतु वेलिणकरांचा ठावठिकाणा लागेना. तेव्हा त्यांच्या कुटुंबाच्या वतीने शोध सुरू झाला.

शोधाचे सूत्र अखेरीस एका चुकलेल्या नावात सापडले. जर्मन ताब्यातील प्रदेशात ३० जून १९१८ रोजी मरण पावलेल्या एका अधिकाऱ्याची कबर होती आणि तिच्यावरचे नाव ‘वुमकर’ असे काहीतरी होते. असे आडनाव इंग्रजांत नाही, जर्मनांत नाही आणि आपल्याकडेही नाही. येथे लिपीचा विचार उपयोगी पडतो. रोमन लिपीच्या जोडाक्षरी, वळणदार हस्ताक्षरात ‘वेलिणकर’ हे नाव लिहिले असता आरंभीच्या अक्षरानंतर बुटक्या उभ्या रेघांची एक माळ तयार होते. ती रोमन ‘ई’, ‘एल’, ‘आय’, ‘एन’ या अक्षरांची आहे हे नाव माहीत असलेल्यालाच समजते. ज्याने हे नाव पूर्वी कधी ऐकलेले नाही, त्याला त्याच रेघांत ‘यू’ व ‘एम’ दिसणे अगदी स्वाभाविक आहे. शेवटचे ‘कर’ मात्र तसेच राहिले. आपल्या आडनावांतील हा ग्रामवाचक प्रत्यय, जो अचलपूरकर, कारंजेकर, अंजनगावकर अशा नावांतून वऱ्हाडातही पावलोपावली भेटतो, तोच परक्या मातीत त्या कबरीची ओळख राखून राहिला. आद्याक्षरे जुळली, तारीख जुळली, प्रदेश जुळला, आणि वुमकर म्हणजेच वेलिणकर हे निश्चित झाले. आज फ्रान्समधील हँगार्ड येथील युद्धस्मशानात त्यांच्या खऱ्या नावाची शिला उभी आहे.

या उलगड्यात दैवाचा भाग थोडा आहे. खरे कारण हे की, प्रत्येक टप्प्यावर घडल्या वेळी केलेली नोंद अस्तित्वात होती. स्क्वाड्रनच्या नोंदवहीत निघण्याची तारीख होती, शत्रूच्या दफनाच्या नोंदीत मृत्यूची तारीख होती आणि कबरीवर नाव होते. नाव चुकले होते, परंतु चुकलेल्या नोंदीचीही दुरुस्ती करता येते. जी नोंद मुळात नाही, तिची दुरुस्ती कशी करणार?

४. तळपदे : कथेचे स्वरूप

आता तळपद्यांकडे वळू. शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ मध्ये मुंबईत पाठारे प्रभू ज्ञातीत झाला. मुंबईच्या कलाशिक्षणाशी त्यांचा संबंध होता, आणि स्वामी दयानंदांच्या वेदविषयक विचारांनी ते प्रभावित झाले होते. येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथात नौका, विमान इत्यादिकांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आर्यसमाजाची स्थापनाही मुंबईतच, १८७५ मध्ये झाली होती. तेव्हा १८९० च्या सुमारास मुंबईतील एका जिज्ञासू, यंत्रांची आवड असलेल्या तरुणाला वेदांत विमानविद्या शोधण्याची प्रेरणा व्हावी, यात असंभाव्य असे काही नाही. १९०७ मध्ये त्यांची ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ ही पुस्तिका निघाली. १९१६-१७ च्या सुमारास ते निवर्तले. इतके चरित्र ठाम आहे.

कथा याच्या पुढे सुरू होते. तिचे प्रचलित रूप असे : १८९५ साली तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यविरहित विमान चौपाटीवर उडविले, ते १५०० फूट उंच गेले आणि खाली पडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि महाराज सयाजीराव गायकवाड हे त्या वेळी हजर होते. ‘केसरी’ने हे वृत्त छापले. विमान पाऱ्याच्या शक्तीवर चालत असे. पुढे पत्नीच्या निधनाने तळपदे खचले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर यंत्राचे अवशेष नातलगांनी रॅली ब्रदर्स या कंपनीला विकले. २०१५ मध्ये या कथेवर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर वाचलेल्या एका निबंधाने मोठा वाद माजविला, आणि तळपद्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले.

५. तपशिलांची पारख

या कथेतील एकेक तपशील सुटा करून पाहू.

प्रथम ‘केसरी’. कथेच्या अनेक आवृत्त्यांत ‘केसरी’चा दाखला आहे, परंतु अंकाची तारीख व मूळ मजकूर वाचकांसमोर ठेवला जात नाही. ही त्रुटी क्षम्य नाही, कारण शोधाचे क्षेत्र अगदी लहान आहे. ‘केसरी’ त्या काळी साप्ताहिक होता आणि दर मंगळवारी निघे. १८९५ या वर्षी १ जानेवारीलाही मंगळवार होता व ३१ डिसेंबरलाही. म्हणजे त्या संपूर्ण वर्षाचे अंक फार तर ५३. दाखला खरा असेल तर तो या ५३ अंकांत असलाच पाहिजे. हे काम एका अभ्यासकाला काही दिवसांत करता येण्यासारखे आहे.

दुसरे रानडे. रानडे १८९३ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, तेव्हा १८९५ मध्ये ते मुंबईत असणे स्वाभाविकच आहे. कथेतील हा तपशील शक्यतेच्या कसोटीस उतरतो. परंतु त्याच वर्षीची सार्वजनिक परिस्थिती पाहा. डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन व्हावयाचे होते, आणि त्याच मंडपात सामाजिक परिषद भरवावी की नाही यावरून टिळकपक्ष व रानडेपक्ष यांत कमालीची तेढ पडली होती. रानडे कोठे गेले, काय बोलले याकडे दोन्ही पक्षांच्या पत्रांचे डोळे लागलेले होते. ‘ज्ञानप्रकाश’ व ‘सुधारक’ पुण्यात, ‘इंदुप्रकाश’ मुंबईत. यांपैकी ‘इंदुप्रकाश’शी तर रानड्यांचा जुना घरोबा. रानड्यांच्या उपस्थितीत वेदांच्या आधारे विमान उडाले असते, तर एका पक्षाने त्याचा गौरव केला असता, दुसऱ्याने टीका केली असती, आणि चौपाटीसारख्या उघड्या जागी घडलेल्या प्रकाराची दखल इंग्रजी पत्रांनीही घेतली असती. अशा कलहाच्या वर्षात सर्वांनीच मौन पाळले असेल ही कल्पना मनाला पटत नाही.

तिसरे रॅली ब्रदर्स. हे नाव वऱ्हाडच्या वाचकाला परके नाही. कापूस, धान्य व गळिताची धान्ये यांचा व्यापार करणाऱ्या या ग्रीक मूळच्या कंपनीच्या खरेद्या अकोला, अमरावती, खामगाव या बाजारांत एके काळी सर्वश्रुत होत्या. कापसाच्या गाठींचा धंदा करणाऱ्या पेढीने विमानाचे मोडके अवशेष कशासाठी विकत घ्यावेत, याचे उत्तर कथेत नाही. परंतु ते नाव कथेत का आले असावे, याचा तर्क करता येतो. मुंबई इलाख्यात व वऱ्हाडात ‘परदेशी कंपनी’ म्हटल्याबरोबर सर्वांच्या तोंडी जी नावे येत, त्यांत रॅलीचे नाव अग्रभागी होते. आपली विद्या परक्यांनी नेली, हे सांगण्यासाठी कथेला एक परका हवा असतो, आणि लोकस्मृती त्या जागी परिचित नावच बसविते. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तथापि मौखिक परंपरेत असे नेहमी घडते.

६. ग्रंथाच्या भाषेची साक्ष

तळपद्यांनी ‘वैमानिकशास्त्र’ या भरद्वाजप्रणीत ग्रंथावरून विमान बांधले, असेही पुष्कळदा सांगितले जाते. येथे कालक्रमच आड येतो. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात व्यंकटाचल शर्मा यांना सांगून लिहवून घेतला. म्हणजे त्याचे लेखन सुरू झाले तेव्हा तळपदे हयात नव्हते. तो हिंदी अनुवादासह १९५९ मध्ये आणि इंग्रजी अनुवादासह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू व गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी त्याची चिकित्सा प्रसिद्ध केली. ग्रंथाची रचना १९०४ पूर्वीची असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निर्णय आहे. तळपदे यांचा शास्त्रींशी संबंध आला होता व त्यांनी काही नमुने करून पाहिले, पण ते उडाले नाहीत, असेही त्यात नमूद आहे. हे अभ्यासक यंत्रशास्त्राचे असूनही त्यांनी ग्रंथाच्या भाषेचा विचार केला, ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

वैदिक ऋषीने रचलेला ग्रंथ म्हटला की त्याच्या भाषेकडून काही अपेक्षा असतात. वैदिक भाषेत उदात्तादी स्वर अर्थभेदक आहेत, तीत पाणिनीने ‘लेट्’ म्हणून सांगितलेला क्रियापदाचा प्रकार सर्रास येतो, उपसर्ग क्रियापदापासून दूर राहू शकतात, आणि नामांची कित्येक रूपे अभिजात संस्कृतात आढळत नाहीत. ‘वैमानिकशास्त्रा’चे श्लोक सरळ अनुष्टुभातले, सुबोध आणि अर्वाचीन पाठशाळेतील संस्कृताच्या वळणाचे आहेत. एखाद्याने ज्ञानेश्वरांच्या नावावर एखादी ओवी दाखवावी आणि तीत आजच्या वर्तमानपत्रातील मराठी असावी, तसाच हा प्रकार आहे. ओवी वाईट असेलच असे नाही, पण ती ज्ञानेश्वरांची नव्हे. शास्त्रीबुवांच्या सचोटीवर आक्षेप घेण्याचे येथे कारण नाही. त्यांना तो ग्रंथ अंतःस्फूर्तीने प्राप्त झाला अशी त्यांच्या अनुयायांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा प्रांत वेगळा आणि ग्रंथकालाचा प्रांत वेगळा.

‘विमान’ या शब्दाचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे, या धातूला ‘वि’ उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. ऋग्वेदात त्याचा अर्थ मोजणारा, व्यापून जाणारा असा आहे. पुढे महाकाव्यांत तो देवांच्या आकाशगामी वाहनास व मजल्यांच्या प्रासादास लागला. शिल्पशास्त्रात देवालयाच्या गर्भगृहावरील भागास विमान म्हणतात. जैन वाङ्मयात ‘वैमानिक’ हा देवांचा एक वर्ग आहे, आणि वाशीमजवळच्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास जाणाऱ्या वऱ्हाडी श्रावकाच्या कानावरून तो शब्द शतकानुशतके जात आला आहे. वारकऱ्यांच्या परंपरेत तुकोबांना न्यावयास विमान आले. विसाव्या शतकात यंत्र आले तेव्हा मराठीने नवा शब्द घडविला नाही, घरातला जुना शब्दच त्याला दिला. हा व्यवहार भाषेच्या दृष्टीने उत्तम झाला, परंतु त्याने एक भ्रमही निर्माण केला. जुन्या पोथीत ‘विमान’ दिसले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पंख, पंखा आणि इंजिन उभे राहते. शब्द तोच राहिला म्हणून वस्तूही तीच होती, असे अनुमान काढता येत नाही. ‘तार’ हा शब्द ज्ञानेश्वरीच्या काळी असला तरी त्या काळी तारायंत्र नव्हते.

‘मरुत्सखा’ या नावाचेही असेच. वाऱ्याचा मित्र, असा त्याचा सरळ अर्थ. संस्कृत कोशांत ‘मरुत्सख’ हे अग्नीचे व इंद्राचे विशेषण आहे. जे यंत्र वाऱ्यावर स्वार व्हावयाचे आणि बहुधा कोणत्या तरी उष्णतेवर चालावयाचे, त्याला हे नाव देणारा माणूस संस्कृताचा जाणकार आणि रसिक होता, एवढे निश्चित म्हणता येते.

७. यंत्राची बाजू

पाऱ्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. पारा पाण्याच्या सुमारे साडेतेरापट जड असतो आणि ३५७ अंश सेल्सिअस तापमानाला उकळतो. तो स्वतः इंधन नव्हे. त्याची वाफ करावयाची तर उष्णता बाहेरून पुरवावी लागते. उड्डाणाचा सारा प्रश्न वजन व शक्ती यांच्या प्रमाणाचा असल्यामुळे, सर्वांत जड द्रवाची निवड ही उलट दिशेने टाकलेले पाऊल ठरते.

त्या काळी जगात काय साधले होते, हेही तुलनेसाठी पाहावे. जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल १८९१ पासून टेकडीवरून तरंगत उतरण्याचे प्रयोग करीत होता आणि ऑगस्ट १८९६ मध्ये त्यातच त्याचा अंत झाला. अमेरिकेत सॅम्युअल लँगली याचे वाफेवर चालणारे मनुष्यविरहित यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे ३३०० फूट अंतर गेले. त्या वेळी दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे हजर होता, त्याने छायाचित्र घेतले आणि वृत्तान्त लिहून प्रसिद्ध केला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे, आणि त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे झाले. त्याला पाच साक्षीदार होते आणि छायाचित्र होते. मुंबईने १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर याच्या बलूनचे आरोहण पाहिले होते. म्हणजे आकाशात जाण्याचा प्रकार तेथील लोकांना अगदीच अपरिचित नव्हता, आणि अशा प्रसंगांची बातमी छापली जाण्याची रीतही होती.

या पार्श्वभूमीवर तीन शक्यता उरतात. पहिली, १८९५ मध्ये यंत्रशक्तीने मनुष्यविरहित उड्डाण खरोखर झाले. तसे असेल तर ते लँगलीच्याही आधीचे ठरते, आणि म्हणून त्याला तितकाच भक्कम पुरावा हवा. दुसरी, पतंग, बलून किंवा लहान नमुना यांसारखा एखादा प्रयोग झाला व सांगता सांगता तो वाढत गेला. तिसरी, यंत्र बांधले गेले, पण ते उडाले नाही. सध्याच्या पुराव्यावरून पहिली शक्यता स्वीकारता येत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या शक्यतेत निवड समकालीन लेखाच्या आधारानेच करता येईल. प्रस्तुत लेखकाचा कल दुसरीकडे आहे, कारण एखादी गोष्ट अगदी शून्यातून क्वचितच उगवते.

८. आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, परकीय सत्तेच्या काळी हिंदी माणसाच्या पराक्रमाची नोंद कोण ठेवणार? हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘इंदुप्रकाश’ ही पत्रे परकीयांची नव्हती. शिवाय वेलिणकरांचे उदाहरण पाहा. त्यांच्या मृत्यूची नोंद शत्रूने केली, तीही चुकीची केली, आणि तरीही तीवरून सत्य निघाले.

दुसरा आक्षेप असा की, अशी चिकित्सा केल्याने एका मराठी संशोधकाचा अपमान होतो. वस्तुतः स्थिती उलट आहे. राष्ट्राभिमानाने इतिहास वाकविण्याची चूक मोठमोठ्या संस्थांनीही केली आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने आपल्या लँगलीचे यंत्र हेच उड्डाणक्षम असे पहिले यंत्र, असा आग्रह कित्येक वर्षे धरला. १९४२ मध्ये तिला तो सोडावा लागला आणि मगच, १९४८ मध्ये, राइट बंधूंचे मूळ विमान लंडनहून तिच्याकडे आले. त्या आग्रहाने लँगलीचा मोठेपणा वाढला नाही. १८९६ चे त्याचे खरे यश मात्र त्या वादात झाकोळले गेले. तळपद्यांचेही असेच होत आहे. विज्ञानशिक्षणाची साधने तुटपुंजी असलेल्या काळात, कोणाच्या आश्रयाची हमी नसताना, एक मराठी माणूस उडणारे यंत्र बांधावयास धजला, हीच मुळात लिहिण्यासारखी गोष्ट आहे. तिला १५०० फुटांची उंची जोडल्याने ती वाढत नाही, उलट संशयास पात्र होते. आणि उद्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवर वैमानिकाचे किंवा अभियंत्याचे शिक्षण घेणाऱ्या अकोल्या-अमरावतीच्या मुलाला प्रथम पुरावा तपासावयास शिकविले पाहिजे. त्या व्यवसायात न तपासलेल्या विधानाची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

९. वऱ्हाडातील कार्य

१८६७ च्या सुमारासच मुंबईची आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली होती, तेव्हा १८९५ मध्ये मुंबईची वार्ता अकोल्यास व अमरावतीस पोहोचावयास फार वेळ लागत नव्हता. अकोल्याचे ‘वऱ्हाड समाचार’, अमरावतीचे ‘प्रमोदसिंधु’ यांसारखी पत्रे एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या पत्रांतील मजकुराचा परामर्श घेत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी वर्षानुवर्षे दैनंदिनी लिहिली, आणि टिळकांशी त्यांचा निकट संबंध होता. चौपाटीवर काही विलक्षण घडले असेल, तर त्याचा पडसाद अशा ठिकाणी उमटण्याचा संभव आहे. दुय्यम साधनांचा हा एक गुण असतो की, मूळ अंक हरवला तरी त्याचा उतारा दुसरीकडे सापडतो.

म्हणून आमची सूचना अशी : अमरावतीचे नगर वाचनालय, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय आणि वऱ्हाडातील इतर जुन्या ग्रंथालयांत व खाजगी घरांत १८९५ व १८९६ या दोन वर्षांची जी मराठी पत्रे व दैनंदिन्या उपलब्ध होतील, त्यांची पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून पद्धतशीर पाहणी व्हावी. पानापानाची नोंद ठेवावी आणि काही मिळाले नाही तर तेही प्रसिद्ध करावे. त्या काळचा कागद आम्लामुळे पिवळा पडून हाताळताच तुटतो. वऱ्हाडचा उन्हाळा त्याला मुळीच मानवत नाही. छायाप्रती घेण्याचे काम आणखी वीस वर्षे लांबले तर तपासण्यासारखे काही उरणार नाही, आणि मग तळपद्यांचे कोडे सुटण्याची शक्यताही कायमची संपेल.

वेलिणकरांच्या आप्तांना अखेर एक कबर व एक तारीख मिळाली. तळपद्यांना निदान एक खरे पान मिळावे, मग त्यावर उड्डाणाची हकिकत असो की अपयशाची. त्या पानाचा शोध हे वऱ्हाडातील भाषा व इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून हाती घेण्याजोगे काम आहे.